अकरावा बोळा

ब्राह्मणपारा, रायपूर
९ जानेवारी

अच्युतदादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्या घरात रीत आहे. त्या रीतीची माफी मागून सांगतो, व्हॅनचं इंजिन गेलं.

गेल्या शनिवारी, सिलतऱ्याला पोचायला चार किलोमीटर असताना. मागे एकशेवीस डबे, शेजारी विजया. आधी खडखड, मग धूर, मग शांतता. त्यातली शांतता सगळ्यात वाईट होती, कारण ती विजयाची होती. वय झालं होतं बिचाऱ्या इंजिनाचं, दुसरं काय!

तिची मेस तुला माहीतच आहे. मालक ती, ड्रायव्हर मी. सिलतऱ्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्याच्या कॅन्टीनला गेली चार वर्षं आपले डबे जातात आणि घर त्यावर चालतं. सध्या डबे भाड्याच्या उघड्या ऑटोतून जातात. पोचेपर्यंत झाकणांवर काळी धूळ बसते आणि वरण गार होतं. कॅन्टीनच्या साहेबाने परवा विजयाला स्वच्छ सांगितलं: सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर श्रीखंड-पुरीचं जेवण आहे, दोन्ही पाळ्या मिळून एकशेसाठ माणसं. बंद गाडीतून, वेळेवर आणा. आणलं तर पुढचं वर्ष तुमचं. नाही तर फेब्रुवारीपासून भिलाईची पार्टी.

म्हणून भंगारवाल्याकडून दुसरं इंजिन आणलंय, गिअरबॉक्ससकट. तो सांगतो, गाडी एका डॉक्टरची होती, फक्त रविवारी चालायची. रायपुरात भंगारात निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरची असते आणि फक्त रविवारी चालायची. सध्या ते धूड अंगणात दोन टायरांवर बसलंय. अंगावर बोटभर काळं कीट. तुळशीराम मिस्त्री म्हणतो, "लगा देथन भैया, चलत-चलत साफ हो जाही." मला तसंच बसवायचा धीर होत नाही.

तुला फोन केला होता. तू नेहमीसारखं "लिहून पाठव" म्हणालास आणि ठेवलास. पाठवलं. रात्रीच्या नागपूर बसचा बंडू ड्रायव्हर ही चिठ्ठी घेऊन येतोय. त्याच्याच हाती उत्तर दे.

नरहर


अजनी, नागपूर
११ जानेवारी

नरहर,

फोनवर माणूस हो-हो म्हणते आणि मग आपल्या मनाचं करते. लिहिलेलं नाकारता येत नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये बत्तीस वर्षं मी असंच काम केलं, आता तुझ्यासाठी बदलत नाही.

वयाने इंजिन असं रस्त्यात जात नाही. खरं काय झालं ते पुढच्या चिठ्ठीत लिही.

न धुता बसवायचं नाही. वरच्या किटाखाली कुठून ऑइल गळते, कुठे चीर आहे, ते दिसतच नाही. आणि तेच कीट बसवताना आत पडते. आधी इंजिन आणि गिअरबॉक्स सोडव. दोघांच्या मधली रबरी सील नवी टाक. आज ती समोर आहे, उद्या तिच्यासाठी पुन्हा सगळं खाली उतरवशील. क्लच प्लेट काढून घरात ठेव, तिला डिझेलचा थेंब लागायला नको.

मग इंजिनची सगळी भोकं बंद कर. हवा आत घ्यायची चार, धूर सोडायची चार, ऑइल भरायचं एक, पाण्याच्या नळ्यांची दोन. बोळे स्वच्छ, सुती, धागे न सुटणाऱ्या कापडाचे. कळकट चिंधी चालणार नाही. प्रत्येक बोळ्याला दोरी बांधायची आणि शेपूट बाहेर ठेवायचं. किती घातले ते लिहून ठेवायचं. काढताना मोजायचे. मग ब्रश आणि डिझेलने घास, नंतर पाणी. बोळे निघाले, जागा कोरडी झाली, की खालचं ऑइलचं पातेलं सोडून तळाशी काय बसलं आहे ते पाहा. गिअरबॉक्सचं जुनं ऑइल बाटलीत भरून बंडूजवळ दे.

घाई करू नको. घाई झालीच तर मोजण्यात करू नको.

अच्युत


ब्राह्मणपारा, रायपूर
१८ जानेवारी

दादा,

काल इंजिनाची अंघोळ झाली. आमच्या पाऱ्यातले, म्हणजे आळीतले, चार रिटायर्ड लोक खुर्च्या घेऊन बघायला बसले होते. त्यांतले दोघे पोस्टातले, एक तहसीलमधला, एक शिक्षण खात्यातला. सल्ला चौघांनीही इंजिनियरचा दिला. तुळशीराम मन लावून घासत होता, मी पाणी ओतत होतो. गिअरबॉक्स असा उजळला की विजयाने विचारलं, "हा आतून बी असाच आहे, की नुसता नवरदेवासारखा?" सील नवी टाकली. पातेल्याच्या तळाशी काकवीसारखा साका होता, तो खरवडून काढला. बाटली सोबत आहे.

आता दोन गोष्टी. पहिली सोपी आहे. इंजिन वयाने गेलं नाही. समोरच्या काचेखाली गणपती मी चिकटवला होता. त्याच्या बरोब्बर मागे ऑइल संपल्याचा तांबडा दिवा लागतो हे मला माहीत नव्हतं. तो किती दिवस पेटत होता ते देवालाच ठाऊक, आणि इथे ते अक्षरशः खरं आहे. विजयाला बोललेलो नाही.

दुसरी गोष्ट. बोळे अकरा घातले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सतरा तारखेच्या चौकटीत माझ्याच अक्षरात अकरा लिहिलंय. निघाले दहा.

दोऱ्या बांधल्या नव्हत्या. सुतळी सापडेना आणि तुळशीरामने डिझेलची बादली भरून ठेवली होती. बोळे निम्मे त्याने काढले, निम्मे मी. कुठलं भोक कुणी बघितलं ते दोघांनाही आठवत नाही. कापड दोरीवरून, ट्रंकेतून, हाताला लागेल तसं घेतलं होतं, आणि ओलं-काळं झाल्यावर सगळी कापडं सारखीच. अंगण झाडलं. नाली बघितली. शिक्षण खात्यातल्यांना खुर्चीवरून उठवून खाली बघितलं.

तुळशीराम म्हणतो, "कहीं गिर गे होही भैया." मला मात्र ते फडकं आत गिळलेलं दिसतं. किल्ली फिरवली आणि ते कुठे गुंडाळलं तर? आठ दिवस उरलेत. दुसरं इंजिन आणण्याची आता ऐपतही नाही आणि वेळही. उलट टपाली लिही.

नरहर


अजनी
२० जानेवारी

नरहर,

किल्लीला हात लावायचा नाही. हे वाक्य दोनदा वाच.

बाटली उन्हात धरून पाहिली, चुंबक फिरवला. पिवळी चमक आहे ती पितळेची, वापरलेल्या गिअरबॉक्समध्ये तेवढी राहतेच. लोखंडाचा तुकडा नाही. गिअरबॉक्सची काळजी सोड.

बोळ्याचं असं. आठही भोकांत बॅटरी मारून पाहा, बोट घाल. कापड बहुतेक तोंडाशीच राहते. एखाद्या भोकाच्या आतला व्हॉल्व उघडा असेल तर तिथे नक्की दिसणार नाही. म्हणून चारही स्पार्क प्लग काढायचे आणि पुढच्या मोठ्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. पूर्ण दोन फेरे. एक नाही, दीड नाही. कुठेही जड लागलं की थांबायचं आणि मला कळवायचं. दोन फेरे मोकळे गेले तर मग बसवायचा विचार.

विजयाला सांग. बोळ्याचं पण आणि दिव्याचं पण. व्यवसाय तिचा आहे.

अच्युत


ब्राह्मणपारा
२२ जानेवारी

दादा,

बॅटरी मारली, बोट घातलं. सात भोकं रिकामी. आठव्याचा व्हॉल्व उघडा आहे, पलीकडे नुसता अंधार. हाताने फिरवून पाहिलं, अटकलं नाही. मग तुळशीरामने काल आणि आज मिळून इंजिन आणि गिअरबॉक्स व्हॅनमध्ये चढवले. तो आणखी थांबायला तयार नव्हता, त्याच्याकडे दुसरी तीन गिऱ्हाइकं खोळंबलीत.

किल्ली अजून फिरवली नाही. ती माझ्या खिशात आहे आणि मी दिवसातून वीस वेळा चाचपून बघतो, जणू ती आपोआप फिरेल. विजयाला संशय आलाय. आज म्हणाली, "काहून असे त्या गाडीकडे पाहून राहिले? तिले ताप आला काय?"

मी म्हटलं, "नवीन आहे ना, बघतो आहे."

"लग्नात माह्याकडे इतकं पाहिलं नव्हतं."

सांगायचं होतं. तेवढ्यात ती दही बघायला आत गेली. सव्वीस तारखेच्या श्रीखंडासाठी चक्का बांधायला घेतलाय. तिने एकशेसाठ माणसांचं दही लावलंय, दादा. तिने धरूनच ठेवलंय की गाडी चालणार.

नरहर


ब्राह्मणपारा
२३ जानेवारी

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. मी तुम्हाला कधी चिठ्ठी लिहिली नाही, पण आजचं यांच्या हातून लिहून होणार नाही. हे खुर्चीत बसून हसत आहेत, मध्येच डोळे पुसत आहेत.

झालं असं. आज सकाळी चक्क्याची पहिली पुरचुंडी सोडली आणि चव पाहिली तर जळक्या ऑइलचा वास. पाच किलो दह्याचा चक्का वाया. मी अंजनाबाईंना विचारलं. अंजनाबाई म्हणजे आमच्या मेसमधल्या सगळ्यात जुन्या बाई. पुऱ्या आणि श्रीखंड त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही, आणि चक्क्याचं फडकं त्या दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, रागावू नका जी. नरहरभाऊंनी माह्यं चक्क्याचं फडकं त्या मशीनच्या तोंडात कोंबलं होतं! दोरीवर वाळू घातलेलं. मी पाहिलं अन् काढून घेतलं. तीनदा उकळलं, तरी वास राहिला. मले काय मालूम तो वास जाणारच नाही!"

मी विचारलं, कधी काढलं?

"मिस्त्री पाण्याच्या बादल्या भरायला गेला होता तवाच. पाणी पडलं असतं तर माह्यं फडकं कामातूनच गेलं असतं ना."

हे ऐकल्यावर यांनी मला सगळं सांगितलं. म्हणजे पाच दिवस हा माणूस बोळा-बोळा करत फिरत होता आणि तो माझ्या स्वयंपाकघरात दही गाळत होता! तुम्ही यांना स्वच्छ, सुती, धागे न सुटणारं कापड सांगितलंत. आमच्या घरात तसं कापड एकच आहे.

असो. इंजिनात काही नाही, हे महत्त्वाचं. दुसरं दही लावलं आहे, फडकं नवं आणलं. उद्या सकाळी साडेनऊला नारळ फोडून गाडी सुरू करतो. तुमच्यामुळे निभावलं.

विजया


अजनी
२४ जानेवारी

नरहर,

फोनवर बोललो ते लिहून देतो, म्हणजे उद्या वाद नको.

विजयाची चिठ्ठी बंडूने सकाळी नऊला दिली. गाडी उशिरा आली म्हणाला. फडकं सापडल्याचं वाचून बरं वाटलं. पुढची ओळ वाचली आणि चहाचा कप तसाच ठेवला. पाणी पडायच्या आधी काढलं! म्हणजे तुम्ही बादल्या ओतत होते तेव्हा ते भोक उघडं होतं. तू पाच दिवस आत गेलेल्या कापडाला भीत होता. आत गेलं होतं पाणी.

चार वेळा फोन लावला. तू उचलला नाही. पाचव्यांदा विजयाला लावला. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचा फोन? कोणाला काही झालं काय?" मी म्हटलं, "किल्ली त्याच्या हातातून काढून घे, मग सांगतो." तिने काढून घेतली. नारळ फुटलेला होता.

मी तुला विचारलं, हाताने दोन फेरे दिले होते काय? तू म्हणाला हो. मी म्हटलं, प्लग काढून? तेव्हा तू कबूल केलं की प्लग काढले नव्हते आणि पाना वीतभर हलवला होता, कारण पुढे हलवायची भीती वाटली. भीती वाटली तर तसं लिहायचं. "अटकलं नाही" हे कसं लिहिलं? वीतभर हलवलेलं काहीच अटकत नाही.

तुळशीरामने प्लग काढले आणि पाना फिरवला. तिसऱ्या प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी भिंतीवर गेली, ती मला इथे फोनमध्ये ऐकू आली. विजयाने विचारलं, "हे काय?" तू म्हणाला, "पाणी." तिने विचारलं, "सुरू केली असती तर?" त्याचं उत्तर मी दिलं. पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर आला असता, पाण्याने त्याला अडवलं असतं आणि खालचा लोखंडी दांडा वाकला असता. मग हे इंजिन पण त्याच भंगारवाल्याकडे.

आता काम. प्लगच्या चारही भोकांत चमचाभर ऑइल टाकून हाताने वीस फेरे द्या. वीस म्हणजे वीस, मोजणारी विजया असावी. आतल्या भिंतीला गंज धरला असेल, किती ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडायला वेळ नाही. प्लग वाळवून लावा. ऑइल बदला. सुरू करून दहा मिनिटं उभ्यानेच चालवा, बंद करा, तेच ऑइल काढून पाहा. दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी आहे; पुन्हा नवं टाका, पुन्हा तेच करा. काळं-पिवळं पारदर्शक दिसेपर्यंत डबे चढवायचे नाहीत.

सव्वीसपर्यंत होईल काय, असं विजयाने विचारलं. मी लिहून देऊ शकत नाही. ऑटो सांगून ठेवा.

अच्युत


सिलतरा, कारखान्याच्या गेटवरून
२६ जानेवारी, दुपारी पाऊण

आदरणीय भाऊजी,

ही चिठ्ठी डब्यांच्या यादीच्या पाठीमागे लिहिते आहे, दुसरा कागद जवळ नाही. गाडीत बसूनच लिहिते, म्हणून अक्षर थरथरतं. इंजिन चालू आहे.

वीस फेरे मीच मोजले. पहिलं ऑइल अगदी चहासारखं निघालं. दुसरं थोडं मळकट. काल संध्याकाळी तिसरं काढलं, ते बाटलीत घालून पाऱ्यातल्या सगळ्या रिटायर्ड लोकांना दाखवून झालं. सगळे म्हणाले चांगलं आहे, त्यामुळे मला जास्तच धाकधूक झाली. पण तुम्ही लिहिलं होतं तसंच दिसत होतं.

सुरू होताना पांढरा धूर आला, मग निवळला. तरी मी ऑटो सोडला नाही. घरापासून इथपर्यंत तो रिकामा आमच्या मागे-मागे आला. रस्त्यातले लोक पाहत होते. हे सारखे म्हणत होते, "आवाज बदलला का गं?" मी म्हणत होते, "तुम्ही बोलणं बंद करा, मग ऐकू येईल." खरं म्हणजे मला रस्ताभर वेगवेगळे दहा आवाज ऐकू येत होते. दिव्याचं पण कळलं मला. त्याचं उत्तर मी घरी देणार आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

साडेबाराला पोचलो. एकशेवीस डबे गरम उतरले. श्रीखंडाला वास नाही, मी गेटवर पुन्हा चाखून पाहिलं. हे आणि कॅन्टीनची दोन माणसं डबे आत नेत आहेत. ऑटोला मी परत पाठवलं. त्याला आता एका लग्नाचं भाडं आहे, थांबत नव्हता.

साहेब भेटले. जेवण पाहिलं, चांगलं आहे म्हणाले. वर्षाच्या कागदाचं विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या पाळीचे चाळीस डबे अडीचला येऊ द्या, मग सही करतो." म्हणजे घरी जायचं, पुऱ्या भरायच्या, परत यायचं. अंजनाबाई तळायला बसल्या असतील.

म्हणून इंजिन बंद केलेलं नाही. पोचून पंधरा मिनिटं झाली, गाडी उभी आहे आणि नुसती चालू आहे. हे जाताना म्हणाले, "काही झालं तरी बंद करू नको. गरम इंजिन पुन्हा सुरू होईल की नाही ते अजून पाहिलेलं नाही." काल गार असतानाच सुरू करून पाहिलं होतं ना.

आता गार्ड खिडकीशी आला आहे. म्हणतो, "मैडम, गाड़ी बंद करो, अंदर चालू रखना अलाऊ नहीं." मी म्हटलं, भैया, पाच मिनट. तो म्हणतो, साहब देख रहे हैं. खरंच पाहत आहेत, कॅन्टीनच्या दारातून. हे अजून आतच आहेत.

बंद केली.

एवढी शांतता मला आवडत नाही, भाऊजी. सगळं आत काय चाललं असेल ते मनात येतं. तो गंज, ते पाणी, तो दांडा.

हे येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. किल्ली माझ्या हातात आहे, मीच फिरवते. सुरू झाली तर खाली सही करून चिठ्ठी संध्याकाळी बंडूजवळ देते. नाही झाली तर हा कागद तुम्हाला मिळणार नाही.

विजया